पुरेशी प्रतिकारशक्ती

उंदीर चावला तेव्हा मंगळवार होता, सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि खरं सांगायचं तर चूक उंदराची नव्हती.

बारकीनं त्याला मानेमागच्या कातडीला चिमटीत धरलं होतं. गेलं दीड वर्ष ती रोज तीस-चाळीस उंदरांना असंच धरत आली होती. गालाच्या शिरेतून दोन-चार थेंब रक्त घ्यायचं, नळीत सोडायचं, उंदीर पिंजऱ्यात परत. त्या दिवशी शेजारच्या खोलीत रिकाम्या पिंजऱ्यांची चळत कोसळली, केवढा तरी दणका झाला, तिची चिमूट जराशी सैल पडली आणि त्यानं मान वळवून दोन-दोन हातमोज्यांतून तिच्या डाव्या तर्जनीत दात रुतवले.

पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी होती.

त्या इमारतीच्या मागच्या विभागात रेबीजवर काम चालायचं. पिवळ्या चिठ्ठीच्या उंदरांना माणसानं पाळून पाळून मवाळ केलेला विषाणू टोचलेला असे, लाल चिठ्ठीच्या उंदरांना रानातला, अस्सल. गंमत अशी की दोन्ही गटांच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायची. तरी पिवळे बहुतेक जगायचे आणि लाल सगळे मरायचे. का, तेच शोधायला विभागाच्या मोठ्या मॅडम गेली सहा वर्षं, हा विभाग निघायच्याही आधीपासून, डोळे फोडून घेत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत एरवी कुणालाच आत घेत नाही. मवाळ विषाणू आला की ती भिंत काही दिवस सैलावते, रक्तातले लढवय्ये आत शिरतात आणि मेंदू साफ करतात. रानटी विषाणू त्या भिंतीला कळूच देत नाही. रक्तात फौज उभी असते आणि आत घर लुटलं जातं. बारकी शास्त्रज्ञ नव्हती, तंत्रज्ञ होती, पण इतके मेंदू कापून इतकी रक्तं तपासल्यावर हे तिला तोंडपाठ होतं. मेंदूत पोचायच्या आधी जे काय करायचं ते करायचं. नंतर केलेलं सगळं फुकट.

म्हणून ती घाबरली नाही. उंदीर पिंजऱ्यात ठेवला, झाकण लावलं, हातमोजे उतरवले आणि नळाखाली बोट धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. शेजारच्या खोलीतून भुसाकाका धावत आले. पिंजऱ्यांत भुसा अंथरणं आणि काढणं हे त्यांचं काम, म्हणून सगळा विभाग त्यांना भुसाकाका म्हणे. चळत त्यांच्याच हातून पडली होती.

"पोरी, माझ्यामुळे गं! माझ्यामुळे झालं हे."

"काका, उगाच जीव काढू नका. लस घेतलीय मी. तुम्हीपण घेतलीय. आपण काय रस्त्यावरचे आहोत का?"

लस दिली होती तिच्या ताईनं. ताई त्याच संस्थेत नर्स होती, आवारातल्या उपचार खोलीत. बारकी सहा वर्षांची असताना वडील गेले, आई कामाला जायला लागली, आणि नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. वेण्या घालणं, पाढे घेणं, ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं ताईचं. तिला 'बारकी' म्हणायलाही ताईनंच सुरुवात केली. आता ती चौतीस वर्षांची, दोन विषयांतली पदवीधर, तरी संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा तिला बारकी म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं.

बोटाला कापूस गुंडाळून ती उपचार खोलीत शिरली. "ताई, चावला एक. लाल."

ताईनं हातातला चहाचा कप न पिताच खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला. बारकीनंच पुढे होऊन तिचे खांदे धरले.

"अगं, तूच असं केलंस तर मी काय करायचं? लस टोचलीय मला. तूच टोचलीस की."

"हो," ताई म्हणाली. "मीच टोचली."

डॉक्टर आले. त्यांनी जखम पाहिली, मग लसीकरणाचं रजिस्टर मागवलं. नवीन विभाग सुरू झाला तेव्हा त्यात काम करणाऱ्या सात जणांना तीन-तीन टोचण्या दिल्या होत्या. सात नावांपुढे तारखा होत्या, आणि शेवटच्या रकान्यात, रक्त तपासून झाल्यावर भरायच्या जागी, ताईच्या गोल, टपोऱ्या अक्षरात सात वेळा लिहिलं होतं: 'प्रतिकारशक्ती पुरेशी.'

"छान," डॉक्टर म्हणाले. "मग दोनच डोस. आज एक, शुक्रवारी एक. जखमेत तयार प्रतिपिंडं सोडायची ती भानगड तुम्हाला नको. ती लस न घेतलेल्यांसाठी. बरोबर ना, सिस्टर?"

ताई सुई भरत होती. तिची पाठ होती त्यांच्याकडे.

"बरोबर," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे टोचण्याआधी बारकीचं रक्त काढून ठेवलं गेलं. तिनंच ती नळी नेऊन प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि दुपारी उरलेल्या उंदरांचं रक्त घ्यायला बसली.

शुक्रवारी दुसरी टोचणी झाली. दंडावर कापूस दाबत ताई म्हणाली, "मंगळवारी परत ये. आणखी एक देऊन टाकू."

"दोनच असतात ना?"

"असू दे. माझ्या समाधानासाठी."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना कशाला सांगायचं? मला ओरडतील, घाबरट म्हणतील." ताईनं तिची बाही खाली ओढली, बटण लावून दिलं. शाळेत जाताना लावायची तसं.

बारकीला भरून आलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं भुसाकाकांना सांगितलंसुद्धा, "ताईचा जीव नुसता माझ्यात अडकलेला असतो बघा."

शनिवारी उंदरांच्या रक्ताची तपासणी लावायची होती. तपासणी सोपी असते. रक्तातला वरचा पिवळसर पाणचट भाग घ्यायचा, त्यात मोजून विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण काचेवर वाढवलेल्या पेशींवर घालायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर एक रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ज्या पेशींत विषाणू घुसला त्या हिरव्या चमकतात. रक्तात प्रतिपिंडं असली तर विषाणू आधीच मारला जातो आणि काच काळोखी राहते. अंधार म्हणजे बरं, उजेड म्हणजे वाईट. तुलनेसाठी एका खात्रीच्या, लस घेतलेल्या माणसाचं रक्त लागतं, आणि नेमकी ती बाटली तळाला गेली होती.

"नवीन मागवलीय, पण सोमवारशिवाय येत नाही," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "थोडं उरलंय ते वापर. आणि जोडीला तुझंच घे की. चावलेल्या दिवशीचं ठेवलंय ना? तू म्हणजे आमची चालतीबोलती पुराव्याची बाटली."

दोघी हसल्या. दीड वर्ष दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या बारकीनं स्वतःचं कधी तपासलं नव्हतं. कशाला तपासायचं? ताईनं लिहिलं होतं ना.

रविवारी तिची पाळी होती. दुपारी बाराच्या सुमाराला तिनं काचा बघायला घेतल्या. तळाला गेलेल्या बाटलीतल्या रक्ताची काच काळोखी होती. पिवळे उंदीर काळोखे. लाल उंदरांमधलेही बरेचसे काळोखे, बिचाऱ्यांचं रक्त शेवटपर्यंत इमानदार. मग तिनं स्वतःची काच सरकवली आणि तिला वाटलं, चुकून कुठलीतरी दुसरीच घेतली. सगळं हिरवं होतं. ठिपके, ठिपक्यांना खेटून ठिपके, कुठे पाय ठेवायला जागा नाही.

तिनं चिठ्ठी वाचली. तिचंच नाव, तिचंच अक्षर, मंगळवारची तारीख. तिनं खुर्ची मागे ओढली, तोंडावर पाणी मारून आली, परत बघितलं. मग कुणालाही न सांगता त्याच नळीतलं रक्त घेऊन दुसरी तपासणी लावली, या वेळी एक-एक थेंब मोठ्यानं मोजत.

सोमवारी दुपारी तीही तेवढीच हिरवी निघाली.

ताईचा संशय तिच्या मनात आला नाही. हे नंतर तिला फार लागलं. तिच्या मनात आलं ते स्वतःचं शरीर. काही लोकांना लस लागत नाही, शेकड्यात एखादा असतो असा. पण मग रजिस्टरमधलं 'पुरेशी' कुठून आलं? बाहेरच्या प्रयोगशाळेनं नळ्यांची अदलाबदल केली असेल. बिचारी ताई, तिला कळलं तर ती खचेल. हे असलं सगळं मनाशी बोलत बारकी जेवायच्या सुट्टीत घरी गेली. घर दहा मिनिटांवर होतं. आई तिच्याकडेच असायची.

तिनं ताट पुढ्यात घेतलं नाही हे बघून आईनं खोदून खोदून विचारलं. बारकीनं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. लस घेतली होती, पण रक्तात तिचा मागमूस नाही.

आईचा हात पदराशी गेला. तिनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "ते खोकं फुटलं होतं ना गं तिच्या हातून... त्यातलं तर नाही ना?"

"कुठलं खोकं?"

"बाटल्यांचं. लशींचं. ताईच्या. तुमचा तो नवा विभाग निघाला तेव्हा." बारकीच्या चेहऱ्याकडे बघून आई अडखळली. "तुला ठाऊक नाही? मला वाटलं तुला सांगितलं असेल. अख्खं खोकं पडलं, सगळ्या बाटल्यांचा चुरा. त्यात ती हेडनर्सची जागा तेव्हाच ठरायची होती. इथे बसून किती रडली! मग म्हणाली, 'आई, करते मी काहीतरी, नंतर भरून काढीन.' मी म्हटलं, काढशील. हुशार आहे ती."

बारकी उठली. चपला कुठल्या पायात कुठली घातली तेही तिला कळलं नाही.

उपचार खोलीत ताई एकटीच होती, कापसाचे बोळे करून बरणीत भरत. बारकीनं दार लावून घेतलं.

"ताई, माझ्या रक्तात लशीचा मागमूस नाही. खोकं फुटल्यावर तू मला काय टोचलंस?"

ताईच्या हातातला बोळा तसाच राहिला. नाही म्हणण्याचा विचार तिच्या चेहऱ्यावर आला आणि गेला, बारकीला तो स्पष्ट दिसला.

"आई बोलली?"

"काय टोचलंस?"

"पावडरीच्या बाटल्या फुटल्या," ताई खाली बघून म्हणाली. "ती ज्यात मिसळायची ते पाणी राहिलं होतं. शुद्ध असतं ते, त्यानं काही होत नाही. नवीन माल आला की बूस्टरच्या नावाखाली सगळ्यांना खरी द्यायची, असं ठरवलं होतं मी. देवाशप्पथ ठरवलं होतं. मग माल आला तो मोजून आला. मग डॉक्टरांनी हिशेब मागितला. मग... राहिलं."

"दीड वर्ष?"

"कुणाला काही झालं नाही ना! रोज सकाळी वाटायचं, आज सांगेन."

"आणि 'पुरेशी'? सात वेळा लिहिलंस."

ताईनं बरणीचं झाकण लावलं.

"ते राहू दे," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटत होता. "घाबरलीस, नोकरीची भीती वाटली, एक वेळ समजू शकते. पण मंगळवारी? मी तुझ्यासमोर बोट घेऊन बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, 'बरोबर ना, सिस्टर?' तू मागे वळून बघितलंसुद्धा नाहीस."

"म्हणून तर मी तिसरा डोस देणार होते! मग चौथाही. न घेतलेल्याला देतात तसा सगळा कोर्स पुरा करणार होते तुझा, गुपचूप. सहा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, बारकी."

"आणि जखमेत सोडायची प्रतिपिंडं? ती कशी देणार होतीस गुपचूप?"

ताईनं तोंडावर पदर घेतला.

"सात दिवसांच्या आत द्यावी लागतात ती," बारकी म्हणाली. "आज सहावा आहे. मला हे उंदरांमुळे माहीत आहे, ताई. तुला तर शिकवलंय. तू दिवस मोजत होतीस."

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, वाट बघितली आणि निघून गेलं.

"मी डॉक्टरांकडे चाललेय," बारकी म्हणाली. "चल माझ्याबरोबर. तूच सांग. मी शेजारी उभी राहीन."

ही गोष्ट तिनं मनापासून म्हटली होती. त्या घटकेला ताई नुसती उठून आली असती, तरी पुढचं कितीतरी टळलं असतं.

"तू हो पुढे," डोळे पुसत ताई म्हणाली. "कपाटाला कुलूप लावते आणि आलेच."

डॉक्टरांची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. चालत पाच मिनिटं. बारकी पोचली तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते, आणि त्यांनी प्रतिपिंडांची बाटली आधीच काढून ठेवली होती.

"या, या. बसा. घाबरू नका, वेळेत आहात. सिस्टरांचा फोन आला होता आत्ताच."

बारकीला वाटलं, सांगितलं बाई हिनं. ती खुर्चीत बसली.

"होतं असं कधीकधी," बाटलीतून औषध ओढत डॉक्टर म्हणाले. "काहींच्या शरीराला लस लागतच नाही. पहिल्यांदा रक्तात प्रतिकारशक्ती दिसली असेल, मग ओसरली असेल. सिस्टर तर फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, माझ्या बहिणीचं शरीर लहानपणापासूनच कमकुवत."

बारकीनं हात पुढे केला. डॉक्टरांनी तिची तर्जनी स्पिरिटनं पुसली. बोटात जागा ती केवढीशी; जखमेच्या भोवती सुई शिरली आणि औषध आत दाबलं गेलं तसं बोट फुगत गेलं, पांढरं, टणक. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "दुखणार थोडं." ती दाराकडे बघत होती. दारात कुणी आलं नाही. उरलेलं औषध मांडीत द्यायचं होतं, त्यासाठी त्यांनी सुई बदलली, तरी कुणी आलं नाही.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते तिला तिथे त्या खुर्चीत कळलं. पाणी टोचलं तेव्हा नाही, मंगळवारी ताई पाठ फिरवून 'बरोबर' म्हणाली तेव्हाही नाही. आता, जेव्हा वाचवण्याच्या नावाखाली ताईनं दोष तिच्या रक्तावर ढकलून दिला. भुसाकाका आत्ता या घटकेला लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यातला भुसा काढत असतील, हेही तिच्या मनात आलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "भुसाकाकांचं रक्त तपासा. त्या रजिस्टरमधल्या सगळ्यांचं तपासा. आजच काढा."

"का हो? त्यांचा काय संबंध?"

तिनं सांगितलं. सुई मांडीत होती. डॉक्टरांचा हात मध्येच थांबला, आणि तिलाच म्हणावं लागलं, "आधी हे पुरं करा."

सहा जणांचं रक्त काढलं गेलं. तपासणी मोठ्या मॅडमनी स्वतः लावली, बारकीला हात लावू दिला नाही. सगळ्या काचा हिरव्या निघाल्या. काही दिवस विभाग बंद राहिला, सगळ्यांना पहिल्यापासून लस टोचली गेली, या खेपेला डॉक्टरांच्या हातून. दुसऱ्या कुणाला उंदीर चावला नव्हता, एवढं नशीब. भुसाकाका आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एकदा पिंजरे धुताना आपणहून म्हणाले, "तेव्हा टोचताना तिनं मला विचारलं होतं, 'काका, दुखलं का?' मी म्हटलं, छे, तुझा हात किती हलका! आता कळलं. पाणी कसलं दुखतंय!" आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना पिंजरा खाली ठेवावा लागला.

ताईला कामावरून काढलं. चौकशीत तिनं सगळं कबूल केलं, खोक्यापासून फोनपर्यंत. मोठ्या मॅडम म्हणाल्या, एकही शब्द लपवला नाही. बारकीनं ते ऐकून घेतलं. सगळ्यांसमोर, टेबलापलीकडच्या चार परक्या माणसांना ताईनं सांगितलं. तिला सोडून.

आईनं मात्र कपडे भरले. "घरातलं घरात राहिलं असतं," ती म्हणाली. "तुझ्यापुरतं औषध तुला मिळालं होतं ना? मग तिला चव्हाट्यावर कशाला आणायचं? वेण्या कुणी घातल्या तुझ्या?"

"आई, काकांनाही मुलं आहेत."

"मला दोनच आहेत," आई म्हणाली, आणि ताईकडे राहायला गेली.

रेबीजला घाई नसते. महिना, तीन महिने, कधी वर्षही. डॉक्टर म्हणाले होते, औषध वेळेत गेलंय, काळजीचं कारण नाही. आणि बारकी ते मानत होती, सकाळच्या वेळी तर अगदी सहज. पण सातव्या आठवड्यात एका दुपारी तिच्या तर्जनीत मुंग्या यायला लागल्या. चावलेल्या जागी मुंग्या येणं म्हणजे काय, हे तिला वाचून शिकायची गरज नव्हती. आतापर्यंतच्या आयुष्यात तिला काहीही झालं, दाढ दुखली, कान ठणकला, तरी पहिला फोन ताईला जायचा. बोट तसंच दुसऱ्या तळहातावर ठेवून ती बराच वेळ बसली. मग डॉक्टरांकडे गेली.

त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं, टाचणी टोचून पाहिलं. "शीर दुखावलीय सुईनं. बोटात इतकं औषध कोंबलं की होतं. ताप नाही, पाण्याची भीती नाही. महिनाभरात जाईल."

ती परत येऊन कामाला लागते तोच आईचा फोन आला. आई फोन करायची, पण जेवलीस का, झोपलीस का, याच्या पलीकडे जायची नाही. आज मात्र ती जरा घुटमळली.

"ताई विचारतेय, बोट कसं आहे."

आईच्या आवाजामागे पंखा फिरत होता, आणि पंख्याच्या आत आणखी एक श्वास होता, रोखून धरलेला. हा श्वास बारकीनं अंधारातही ओळखला असता. बोटातल्या मुंग्या एव्हाना तळहातापर्यंत आल्या होत्या. कुणाला तरी सांगावंसं तिला फार वाटलं.

"बरं आहे म्हणावं," ती म्हणाली. "अगदी बरं आहे."

"आणखी काही सांगू?"

"नाही. एवढंच."

तिनं फोन ठेवला, बोट जरा चोळलं, आणि उरलेल्या नळ्यांवर नंबर घालायला घेतले.